परवडत नाही म्हणणाऱ्या बाई

"मला परवडत नाही," असं म्हणून आमच्या बाई हातातली साडी नीट घडी घालून गठ्ठ्यावर परत ठेवायच्या. आवाज हळू नाही, मान खाली नाही, चेहऱ्यावर कसनुसं हसू नाही. दुसरं कुणी "आमचा लोणावळ्याला बंगला आहे" हे ज्या सुरात सांगेल, त्या सुरात त्या हे सांगायच्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आठवून बघा, पगारदार माणसाच्या तोंडून हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आपण "रंग नाही आवडला" म्हणतो, "मिस्टरांना विचारते" म्हणतो, आणि शेवटी घेऊनच येतो.

अंबरनाथच्या आमच्या शाळेत पगार झाला की मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उल्हासनगरहून एक सिंधी भाभी साड्या घेऊन यायच्या. टेबलावरचे वह्यांचे ढीग बाजूला सरकायचे आणि साड्यांचे ढीग लागायचे. "ले लो ना बाई, पैसा कौन माँग रहा है? हप्ते से दे देना," हे भाभींचं ठरलेलं बोलणं. मग आम्ही सगळ्याजणी घ्यायचो, आधीच्या साडीचा हप्ता चालू असताना पुढची घ्यायचो. बाई मात्र प्रत्येक साडी खांद्यावर लावून बघायच्या, मनापासून वाखाणायच्या आणि म्हणायच्या, "भाभी, साडी एक नंबर है. मेरे को परवडेगी नहीं." भाभींना आधी वाटलं, भाव पाडायचा डाव आहे. त्यांनी भाव उतरवला. बाई म्हणाल्या, "अब भी नहीं परवडेगी." पुढे भाभींनी त्यांना साड्या दाखवणं सोडून दिलं. येताना त्यांच्यासाठी घरचे पापड मात्र आठवणीने आणायच्या.

तसं बघितलं तर बाई काही गरीब नव्हत्या. त्यांचा स्वतःचा पगार होता, नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑफिसर होता आणि शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालकीचं घर होतं. कंजूष म्हणाल तर तेही नव्हत्या. आंब्याच्या दिवसांत हापूसची पेटी घेऊन रिक्षातून उतरायच्या आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना बळेबळे खायला लावायच्या. "हे परवडतं," म्हणायच्या, "खा गपचूप."

रागही यायचा त्यांचा. मी गाडी घेतली तेव्हा पेढे द्यायला गेले. बाईंनी पेढा खाल्ला, रंग कुठला ते विचारलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बदलापूरहून तू ट्रेननेच येतेस ना गं? मग ही दिवसभर काय करते?" गाडी दिवसभर सोसायटीत कव्हर घालून उभी असायची, हे मला काय माहीत नव्हतं? पण तोंडात पेढा असताना असं कुणी विचारतं का?

एकदा सगळ्या स्टाफने परदेशी सहलीला जायचं घाटत होतं. एक चटपटीत माणूस येऊन बिनव्याजी हप्ते कसे पडतात ते समजावून गेला. माना हलल्या, पासपोर्टच्या गोष्टी सुरू झाल्या. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि आपलं वाक्य म्हटलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "खरं म्हणजे मलाही जरा जडच जाईल." मग पीटीचे सर खाकरले. बघता बघता सगळ्यांनाच जड जायला लागलं. शेवटी आम्ही कर्जतला गेलो, पिठलं-भाकरी खाल्ली आणि पोट दुखेपर्यंत हसलो. त्या दिवसापासून मी बाईंकडे जरा दबकूनच बघायला लागले. वाघाच्या पिंजऱ्यात शिरणारा माणूस बघावा, तसं वाटायचं मला.

पण साडी, सहल वेगळी आणि पोटच्या मुलीचं लग्न वेगळं. बाईंना एकच मुलगी. तिने मुलगा स्वतः पसंत केला होता, बदलापूरच्या बेलवलीतला, हुशार आणि सरळ. बाईंनाही तो फार आवडला होता. याद्यांच्या बैठकीला त्यांनी मलाही बोलावलं. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करायचा, एवढं आधीच ठरलं होतं.

मुलाची आई मोठी हौशी बाई. "आमचं तसं काही मागणं नाही हो," त्यांनी सुरुवात केली. "फक्त चारचौघांत शोभेल असं लग्न झालं पाहिजे. मोठ्याच्या वेळी लोक बघत राहिले होते." आणि मग एकेक निघायला लागलं. हायवेवरचा एसी हॉल. हळदीला वेगळा मंडप, डीजे, गावजेवण. ड्रोन. लग्नाआधीचं फोटोशूट, तेही गोव्याला. मुलाचे वडील शेजारी बसून चहाच्या कपात बघत होते. बाईंच्या चेहऱ्यावर काय येतंय ते माझ्या ओळखीचं होतं.

"हौस मलाही आहे," बाई म्हणाल्या. "पण एवढं आम्हाला परवडत नाही."

"अहो, लग्नालासुद्धा कर्ज मिळतं आता. सगळेच काढतात."

"मिळतं. पण मग ते फेडत बसावं लागतं."

मुलाच्या आई उठल्या. यादी अर्धीच राहिली. बाईंचे मिस्टर पाहुण्यांना रिक्षात बसवून आले आणि "ही बोलली, आता मी काय बोलणार," एवढं म्हणून टीव्हीसमोर बसले. मुलगी आतून आली. "माझं लग्न मोडलंस तू, आई," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मलाही राहवलं नाही. "बाई, एकुलती एक पोर आहे. काढायचं थोडं कर्ज. आम्ही नाही का काढत?"

बाईंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी बघितलं. "माझ्या बाबांनी असंच काढलं होतं," त्या म्हणाल्या. "शहाडला कारखान्यात होते. माझ्या लग्नात जिलब्या उरल्या, शेजाऱ्यांना डबे भरभरून वाटल्या. मग ते रविवारीसुद्धा ओव्हरटाइम करायला लागले. माझं बाळंतपण झालं, तेव्हा बाबांना नात बघायला यायला सवड नव्हती. एवढ्यावर लेकीचं घर होतं गं. मी खिडकीत बसून वाट बघायचे. ते आले तेव्हा ही चालायला लागली होती."

मी चहाचे कप उचलून मोरीत ठेवले आणि घरी आले.

त्या आठवड्यात मुलीने आईशी बोलणं टाकलं. बाई वर्गावर जायच्या, शिकवायच्या, पण डबा तसाच परत न्यायच्या. सोयरीक तुटली असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलाचे वडील शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. बाईंना आणि मला घेऊन ते ग्राउंडच्या कडेला गुलमोहराखाली उभे राहिले. बराच वेळ हेल्मेटचा पट्टा काढत-लावत होते.

"विहीणबाई," शेवटी म्हणाले, "आम्हालाही नाही परवडत हो."

मोठ्या मुलाच्या लग्नाचं कर्ज अजून डोक्यावर होतं. त्यात दारातली गाडी. त्यात कंपनी बंद व्हायच्या गोष्टी. यातलं घरी कुणालाच माहीत नव्हतं. "बायकोपुढे तोंडातून शब्द निघत नाही माझ्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्याला हो म्हणत आलो. तुम्ही एकदा घरी येऊन, सगळ्यांसमोर, परत तेच म्हणाल का?"

मी आ वासून बघत राहिले. बाईंना मात्र धक्का बसल्यासारखं दिसलं नाही.

"म्हणजे नाव माझं खराब होणार," त्या म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

"पोरीला नीट सांभाळाल?"

"माझ्या मुलीसारखी."

"मग रविवारी येते."

मी सोबत गेले होते. बेलवलीतल्या त्या भल्यामोठ्या सोफ्यावर बसून बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. मुलाच्या आईने काहीही बोलायचं बाकी ठेवलं नाही. दोन दोन पगार, शिकलेली माणसं आणि एकुलत्या एका मुलीसाठी हात एवढा आखडता? जावा-नणंदा ऐकत होत्या. बाईंचे कान लाल झाले, पण त्या एक अक्षर उलटून बोलल्या नाहीत. शेवटी मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ दे गं, त्यांना नाही जमत तर आपण समजून घेऊ." मुलगाही म्हणाला, लग्न करू या, बाकी राहू दे.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "व्याह्यांनी अ‍ॅक्टिंग बरी केली." मग थांबून म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या पोरीलाही नाही."

मी त्या जिन्यात त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले. आपल्या घरची अडचण चारचौघांत सांगायला छाती लागते, हे मला कळत होतं. पण दुसऱ्याच्या घरची अडचण आपली म्हणून सांगायची, वर बोलणी खायची आणि रिक्षा स्टँडवर येऊन भाजीवाल्याकडे मेथी निवडत बसायचं, असं माणूस मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही.

लग्न शिवमंदिराजवळच्या छोट्या कार्यालयात झालं. हळद गच्चीवर लागली. मुलगी हसली, पण कुठेतरी मनात धरून राहिली. मैत्रिणींचे व्हिडिओ बघताना, "आमच्यात असलं काही नव्हतं, आमची आई म्हणजे," असं म्हणून वाक्य सोडून द्यायची. बाई ऐकायच्या आणि नातवाला वरणभात भरवत राहायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दुखणं साधं वाटलं होतं, पण ते वाढत गेलं. त्यांच्या माघारी घरी भेटायला आम्ही शाळेतल्या सगळ्या गेलो, तेव्हा व्याही-विहीणही आले होते. विहीणबाईंचे डोळे सुजले होते, माया त्यांनाही होती. पण सवय असते ना जिभेला. "फार चांगल्या होत्या," त्या म्हणाल्या, "फक्त हात तेवढा आखडता. पोरीचं लग्नसुद्धा..."

"त्यांचा नव्हता," व्याही म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पैसे माझ्याकडे नव्हते. मीच शाळेत जाऊन सांगितलं त्यांना, तुम्ही म्हणा म्हणून. मला म्हणवत नव्हतं."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं, मावशी?"

मी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलं तिनं? मी इतकी वर्षं..."

"तुझे सासरे आहेत ते," मी म्हटलं. "तुला त्याच घरात राहायचं होतं."

तिने पदराने तोंड पुसलं, ट्रे पुन्हा उचलला आणि पहिला कप सासऱ्यांना दिला.