खिडकीवरचा चौकशी अधिकारी

“साहेब, आज माझ्या खिडकीवर तुम्ही आहात,” साळवीकाकू फोनवर म्हणाल्या. “भाऊ परवडले. त्यांची सवय तरी झाली होती.”

मी ऑफिसला न जाता थेट लालबागला गेलो. काकूंच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर मोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर मी. खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली ‘चौकशीसाठी पधारलेल्या मा. अधिकारी साहेबांचे हार्दिक स्वागत.’ कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ, म्हणजे तिथले नगरसेवक.

हे कसं झालं ते सांगतो. नगरसेवकाच्या वागणुकीबद्दल पालिकेत तक्रार आली की प्राथमिक चौकशी माझ्याकडे येते. म्हणजे दोन्ही बाजू ऐकायच्या, जागा बघायची, अहवाल द्यायचा. शिक्षा काय ती वरचे ठरवतात.

काकू घरी साड्यांना फॉल-पिको करतात. रस्त्याकडे एकच खिडकी, आणि ती नेमकी नाक्यासमोर. त्यामुळे भाऊंच्या सगळ्या शुभेच्छा तिच्यावर. दहीहंडी, गणपती, नवरात्र, दहावीचा निकाल, भाऊंचा वाढदिवस. एक फ्लेक्स उतरायचा, दुसरा चढायचा.

“काळ्या साडीवर काळा दोरा, साहेब,” काकू म्हणाल्या होत्या. “भर दुपारी ट्यूब लावून शिवते, तरी टाका चुकतो. दोन गिऱ्हाईकं गेली माझी. आणखी गेली तर मशीन विकायची का?”

मी टेप लावून मोजलं. खिडकी चार बाय तीन, फ्लेक्स दहा बाय आठ. हवेलाही वाट नव्हती. परवानगी तर एकाही फ्लेक्सला नव्हती.

भाऊंनी लेखी उत्तर दिलं की फ्लेक्स कोण लावतं याची त्यांना किंवा त्यांच्या कार्यालयाला कल्पना नाही, हे जनतेचं प्रेम आहे. म्हणून मी समक्ष भेटायला गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि खांद्यावर शाल पडली.

“अहो, मी चौकशीला आलोय!”

“असू दे ना साहेब,” एक कार्यकर्ता म्हणाला. “भाऊंकडे पहिल्यांदा आलेला माणूस सत्काराशिवाय जात नाही. मागे आमचं मीटर कापायला आले होते, त्यांचा पण केला.”

“पण माझा विषय...”

“नारळ धरा. इकडे बघा.”

फ्लॅश पडला. शाल आणि नारळ मी तिथेच टेबलावर ठेवले आणि तशी नोंद फाइलला केली. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

फ्लेक्सचा फोटो काढून मी आमच्या मॅडमना दाखवला.

“चांगले दिसताय हो,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, ही केस दुसऱ्या कोणाकडे द्या.”

“का? शाल परत केलीत ना?”

“केली. पण आता मी चौकशी अधिकारी कसला? मी पुरावा आहे.”

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला आणि केस माझे सहकारी देसाई यांच्याकडे दिली. पंचनामा होईपर्यंत फ्लेक्स उतरवता येत नव्हता. तेही मलाच काकूंना कळवावं लागलं.

“म्हणजे अजून तुम्हीच?”

“संध्याकाळपर्यंत, काकू.”

“मग काळी साडी उद्या घेते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सुनावणीला मी साक्षीदाराच्या खुर्चीत. भाऊ समोर, शेजारी त्यांचा कार्यकर्ता. देसाईंनी फोटो पुढे सरकवला.

“हा फ्लेक्स कोणी लावला?”

“कल्पना नाही. जनतेचं प्रेम.”

“आमच्या साहेबांवर?”

“आमच्याकडची जनता मोठ्या मनाची आहे.”

“बरं. यातला फोटो कुठे काढलाय?”

“आमच्या ऑफिसात.”

“कोणी काढला?”

“आमच्या राजूनं,” भाऊ खुलले. “डिझाइन पण त्याचंच. आपले सगळे फ्लेक्स तोच करतो, लावून पण घेतो. हात आहे हो पोराला!”

शेजारच्या कार्यकर्त्यानं कपाळावर हात मारला. देसाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि खाली भाऊंची सही घेतली. सही करतानाही भाऊ राजूचं कौतुकच करत होते.

तक्रार खरी ठरली. भाऊंना लेखी समज मिळाली. खिडकीभोवतीचे बांबू आणि खिळे पालिकेच्या माणसांनी काढून नेले.

पुढे एकदा त्या बाजूला गेलो असताना काकूंकडे डोकावलो. मशीन खिडकीला लावलेली, ट्यूब बंद, मांडीवर काळी साडी. आणि समोर, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर, नवा कोरा फ्लेक्स. ‘साळवीकाकूंची खिडकी मोकळी करून दिल्याबद्दल मा. भाऊंचे जाहीर आभार. समस्त रहिवासी.’

“काकू, हे तुम्ही लावलंत?”

“मी कशाला लावू? मला विचारलं पण नाही मेल्यांनी,” काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “पण उजेडात कसं स्वच्छ वाचता येतं, नाही?”

चौकशीनं माणूस बदलतो असं या नोकरीत मी कधी धरून चाललो नाही. निदान फ्लेक्सची भिंत बदलली, एवढा तरी अहवाल कामी आला म्हणायचं.