पाय पसरण्यापुरती गाडी

हैदराबादच्या शोरूममध्ये मी पर्समधून शिवणकामाची टेप काढली, तेव्हा गाडी दाखवणारे गृहस्थ इंजिनाच्या ताकदीबद्दल बोलत होते. त्यांना मधेच थांबवून मी मागच्या सगळ्या सीटा पाडायला सांगितलं. एक बटण दाबताच तिसरी रांग आपोआप तळात गेली, तिच्यामागून दुसरी. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि आत चढून टेप लावली. तरी खात्री वाटेना, म्हणून सरळ आडवीच झाले. ते गृहस्थ म्हणाले, मॅडम, लोग पहले चला के देखते. आम्हाला चालवायला कमी आणि झोपायलाच जास्त हवी आहे, असं मी सांगितलं. त्यांना तो विनोद वाटला. विनोद करण्याची माझी अवस्था नव्हती.

गाडी यांच्यासाठी हवी होती. हे म्हणजे माझे पती, लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवणारे. भूकंप झाल्यापासून हे कधी घरात झोपले नाहीत, गाडीतच झोपत आले, आणि आता तसं झोपणंच यांच्या जिवावर उठलं होतं.

भूकंपाच्या रात्री हे गावचा गणपती बुडवून उशिरा परतले होते. दार वाजवलं तर आई उठेल, दिवसभर राबून दमली असेल, म्हणून दारात उभ्या असलेल्या मित्राच्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर यांनी अंग टाकलं. पहाटे जमीन हलली. मोठमोठे दगड मातीत रचलेलं घर, वर मातीचंच जड धाबं. ते आईसकट खाली आलं आणि जीप होती तिथं उभी राहिली. हे याबद्दल एकच वाक्य बोलायचे, वेळच मिळाला नाही. मला बघायला नांदेडला आले तेव्हा तेच वाक्य, पुढं मुलीनं विचारलं तेव्हाही तेच. मीही तेच खरं धरून चालले, कारण त्याच्याशिवाय हा माणूस उभा राहिला नसता.

आमचं लग्न नांदेडला झालं आणि लग्नाच्या रात्री नवरदेव वऱ्हाडाच्या जीपमध्ये जाऊन झोपला. मांडवात खसखस पिकली. माझे वडील तोंडाचे फटकळ, म्हणाले, "जावई लई भारी भेटला. पोरगी पाह्यजे, पण घर नको म्हणून राहिला." मला इतका राग आला होता, की बॅग भरलेलीच होती ती मी उघडलीच नाही. मग पहाटे जीपपाशी गेले. हे उघड्या डोळ्यांनी बसले होते, आणि मला बघून बाजूला सरकले. तेवढ्यावर मी राहिले.

नंतरची सगळी वर्षं मी एकाच धंद्याला लागले, यांना आत आणण्याच्या. अंगणात बाज टाकली, तिथं डोळा लागेना. पत्र्याचं शेड घातलं, तिथंही नाही. यांना गाडीचीच चार दारं लागायची. ज्या आडोशानं एकदा वाचवलं तो सोडायचा धीर होत नव्हता, असं मला वाटतं. शेवटी मी हात टेकले आणि ठरवलं, गाडी तर गाडी, पण ती बरी असावी.

म्हणून गाड्या कशा सुधारत गेल्या ते माझ्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. पहिली आमची ताडपत्रीची जीप. थंडीत वारा आरपार जायचा, मी कडेनं गोधड्या बांधायची. मग पत्र्याचं टप असलेली उंच डिझेल गाडी आली, मागं समोरासमोर आडवी बाकडी, त्यावर पाय मुडपूनच निजायचं. मग एसी आला, तोंडं पुढं केलेल्या सीटा आल्या, पण तिसरी रांग दुमडून कडेला टांगावी लागे आणि निम्मी जागा तीच खायची. दर वेळी नवं मॉडेल निघालं की लोक विचारायचे, मायलेज किती. मी चाकाचा उंचवटा आत किती येतो ते बघायची.

त्याच वर्षांत लातूरचं नाव निकालांमुळं गाजायला लागलं. बिलोली, चाकूर, पार माहूरकडून पालक ट्रंका घेऊन पोरांना सोडायला येऊ लागले. बाकीच्या क्लासवाल्यांनी चार-चार मजले चढवले, हे मात्र पत्र्याखालीच शिकवत राहिले आणि बॅचा तरी भरत राहिल्या. गल्लीत कुणाची गाडी किती मोठी यावर क्लासची पत ठरायची. पालक आधी अंगणात डोकवायचे, मग फी विचारायचे. आमची गाडी बदलली की दुसऱ्या क्लासवाल्यांच्या डोळ्यांत खुपायची, आणि सरांना भलताच शौक आहे अशी चर्चा व्हायची. मी ऐकून घ्यायची. नवऱ्याचं अंथरूण आहे ते, असं कुणाला सांगणार?

मुलगी मोठी झाल्यावर यांनी आमच्यासाठी स्लॅबचं घर बांधलं. खांबांत इतकं लोखंड घातलं की मिस्त्री म्हणाला, सर, यावर तर पूल उभा राहील. वास्तुशांतीला नवरा-बायकोनं जोडीनं बसावं लागतं. मी आतल्या पाटावर आणि हे ओसरीत, मधे उंबरा. गुरुजींनी कुरकुर केली, मग दोघांच्या मधली गाठ उंबऱ्यावरूनच नेली. हे ओसरीत जेवत, मागच्या पत्र्याच्या न्हाणीत अंघोळ करत, आणि आत कधीच येत नसत.

गेल्या वर्षी यांचा डावा पाय सुजला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शिरेत रक्ताची गाठ झालीय. वर्षानुवर्षं पाय मुडपून झोपल्यानं हे झालं असणार. औषध चालू राहील, पण पाय लांब करूनच झोपायचं, नाहीतर गाठ सुटून वर सरकली तर आपल्या हातात काही राहणार नाही. मग त्यांनी सहज विचारलं, घरात पलंग नाही का?

त्या दिवसापासून मी जिवाचा आटापिटा केला. रडले, भांडले, मुलीला पुण्याहून बोलावलं. एका संध्याकाळी हे खरंच उशी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. एक पाय आत टाकला आणि तिथंच थांबले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मी हात पुढं केला, तर हे हळूच म्हणाले, "मला मरू दे, पण आत बोलावू नको." आणि उशी घेऊन परत गेले. मी उंबऱ्यात बसून राहिले. यांना मृत्यू समोर दिसत होता, तरी त्यापेक्षा माझ्या घराचीच भीती मोठी होती, हे मला सहन होत नव्हतं.

म्हणून हैदराबाद. ती गाडी म्हणजे या सगळ्या सुधारणांचा कळस होता. तळ सपाट, चाकाचा उंचवटा जवळजवळ नाहीच, आणि छत काचेचं, म्हणजे डोक्यावर पडायला काही नाही, वर नुसतं आभाळ. ते गृहस्थ म्हणाले, हिच्यात लोखंडी स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. गाडी उभी केली की स्वतः खाली बसते, चढताना पाय उचलावा लागत नाही. मागं वजन आलं की स्वतःच समतोल साधते. सुजलेल्या पायासाठीच बनवल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या तिथं हीच घ्यायची म्हणून सांगून टाकलं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, फोटो काढले. सगळे पांगल्यावर मी मागं गादी घातली. हे चढले आणि पाठीवर पडून दोन्ही पाय सरळ केले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना पहिल्यांदा पूर्ण लांबीचं बघत होते. किती उंच माणूस आहे हा, असं वाटलं. यांनी काचेतून वर बघितलं आणि डोळे मिटले. मी दूध तापवायला आत गेले, ओट्याला धरून पोटभर रडले. जिंकले असं वाटलं मला.

दूध वर यायच्या बेतात होतं आणि ओसरीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघते तर हे. अनवाणी, हॉलमधून धावत, थेट स्वयंपाकघरात. यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत, खुर्चीला धडकत, उंबऱ्याबाहेर, ओसरीखाली, अंगणाच्या मधोमध आणून उभं केलं. हे माझ्या पाठीमागच्या घराकडं बघत होते, ते कोसळायची वाट बघत.

घर कोसळलं नाही. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. कोपऱ्यावर क्लास सुटलेल्या पोरी पाणीपुरी खात होत्या. मी गाडीकडं बघितलं आणि मला कळलं. मागचं दार उघडं होतं, आणि गाडी आणखी एकदा हलकेच सुस्कारून खाली बसत होती.

"अहो, जमीन नाही हलली," मी म्हटलं. "गाडी हलली. ती तशीच आहे, आपोआप खाली बसते."

यांनी गाडीकडं बघितलं, मग घराच्या उघड्या दाराकडं. आणि मी, वेडी, मनातून फुलले. इतक्या वर्षांत जे माझ्या रडण्यानं झालं नाही ते झालं होतं. हे आत आले होते, पार स्वयंपाकघरापर्यंत. मी म्हटलं, "तुम्ही आत आलात. बघा, आलात ना आत, माझ्यासाठी."

हे मला तसंच धरून ओसरीच्या पायरीवर बसले. मला वाटलं दम लागलाय. मग यांनी मान वर केली. शिकवताना कधी न येणारी गावाकडची बोली यांच्या तोंडात आली होती.

"घर पडणार हाय, असं समजूनच आलो मी आत. तुला काढलं बाहेर. कितीसा येळ लागला?"

मी वळून आत स्वयंपाकघराकडं बघितलं.

"मग तवाबी मिळाला असता," हे म्हणाले. "येळ व्हता."

मी सांगत राहिले, की ते घर दगडाचं होतं, झोपेत होतात तुम्ही, तेव्हा खरंच वेळ नव्हता. सांगता सांगता माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. यांना ऐकू जात नव्हतं. आत दूध उतू जाऊन जळत होतं, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. मला गॅस बंद करायला जायचं होतं, पण यांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.