रफीकचा नेम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला तरी कशाला सांगतोय... पण आता जीव घाबरा होतो रे.

उस्मानपुऱ्यात आमचं छोटं ऑफिस आहे. मोबाइलवरचे गेम बनवतो आम्ही, विमानांच्या लढाईचे. शाळेत असताना औरंगपुऱ्यातल्या पार्लरमध्ये मी आणि रफीक असलेच गेम खेळायचो. तेव्हा गोळी सरळ जायची. चुकली की चुकली. आता तसं नसतं. आता क्षेपणास्त्र गुपचूप शत्रूकडं वळतं आणि खेळणाऱ्याला वाटतं, काय नेम आहे आपला! किती वळवायचं, ते मी ठरवतो. माझं कामच ते.

वाळूजला कारखान्यात कामावर असताना प्रेस मशीनमध्ये रफीकच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. माणूस बोलायचाच बंद झाला. मी त्याला आमचा नवा गेम खेळून बघायला दिला. हरला तर अजून खचेल, म्हणून त्याच्या फोनवर ही नेम वळवायची मदत पार टोकाला नेऊन ठेवली. त्याला सांगितलं? छे! तो जिंकत गेला. "दोन बोटांत लई दम आहे अजून," म्हणायचा. हसायला लागला होता रे. कुठल्या तोंडानं सांगणार?

मग आम्ही त्या गेमची स्पर्धा ठेवली. त्यानं नाव दिलं. बायको-मुलीला घेऊन आला. तिथं सगळ्यांना ऑफिसचे फोन, सगळ्यांची मदत बंद. मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सांगता आलं असतं, सकाळी सांगता आलं असतं — मी नुसता पाणी पीत इकडून तिकडं फिरलो. पहिल्याच फेरीत त्याचं एकही क्षेपणास्त्र लागलं नाही. लोक हसले.

पण थांब, एवढंच असतं तर कदाचित बोललोही असतो. बाहेर रिक्षाची वाट बघताना त्यानं हळूच विचारलं, "गेममध्ये काही बदललंय का रे?"

आणि मी — मी म्हणालो, "नाय. गर्दी बघून घाबरलास तू."

त्यानं लगेच मानलं. मी सांगितलं ना, म्हणून. आता ईदला, लग्नात, कुठंही तो स्वतःच हा किस्सा रंगवून सांगतो, "ऐन वेळी माझी तंतरली!" त्याची मुलगी तेव्हा खाली बघते. आणि मी त्याच्या शेजारी बसून हसतो.