मोजणीवाल्याची तहान

कळमेश्वरकडचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मोजणीवाला साखळी घेऊन आमच्या गावात येऊ लागला. डोक्याला ओला दुपट्टा, तोंडानं सतत आकडे पुटपुटणं. काही विचारलं तर "साहेबाले विचारा जी" एवढंच. पण ज्याचं वावर रस्त्यात जाणार, त्याच्या घरचं पाणी तो पीत नसे. बायकांनी हे बरोबर हेरलं होतं. नोटिशीची वाट न पाहता त्या सरळ त्याच्यापुढे तांब्या धरायच्या.

आमच्याकडे तो नेहमी प्यायचा. एकदा वैशाखाच्या दुपारी आईनं तांब्या धरला, तर म्हणाला, "तहान नाही, माय." ओठ सुकून फुटले होते.

आईनं तांब्या तसाच पुढे धरून ठेवला. "पिऊन घे गा," ती म्हणाली, "वावर तं तसंही जाऊनच राहिलं."

तो प्यायला. तांब्या परत देताना त्यानं मान वर केली नाही.