मावशींचा चढ

मावशींची कात्री जशी चालायची, तशीच जीभही. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे त्यांनी शिवले होते, आणि उरलेल्या निम्म्यांना कधी ना कधी फैलावर घेतलं होतं. पायांनी दगा दिला तेव्हा त्या कुढत बसल्या नाहीत. बॅटरीवर चालणारी खुर्ची आणवली आणि लगेच कामाला जुंपली. घोडं अडलं ते शिवणाच्या दुकानापुढच्या सिमेंटच्या चढापाशी.

मुलाचा खुर्चीच्या मोटरवर काडीचा विश्वास नव्हता. "चढावर मी मागून धरल्याशिवाय जायचं नाही," असं त्याने बजावलं होतं. दुकानाची किल्लीही त्याच्याच खिशात. तो संध्याकाळी कामावरून सुटायचा, तेव्हा कुठे दुकान उघडायचं. दिवसा आलेल्या बायका कुलूप बघून परत जायच्या, आणि मावशींचा जीव तुटायचा. असंच चाललं तर दुकान बुडणार, हे उघड होतं.

त्या संध्याकाळीही तो नेहमीसारखा खुर्चीमागे खाली वाकला आणि मग ढकलू लागला. अर्ध्या चढावर त्याचा पाय घसरला. खुर्ची मागे येऊ लागली. त्याने छातीचा टेका देऊन ती कशीबशी थोपवली.

"बघ, म्हणून म्हणतो मी."

मावशींचं डोकं मात्र जागेवर होतं. "मघाशी खाली वाकून काय केलंस?"

"मोटरचा दांडा खाली केला. चाकं मोटरपासून मोकळी होतात, ढकलायला हलकं जातं."

मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बॉबिन भरताना मशीनच्या चाकाचा स्क्रू सैल करतात. चाक गरगर फिरतं, सुई मात्र ढिम्म. इथेही तेच झालं होतं.

"अरे शहाण्या, चाकं सुटली तसा ब्रेकही सुटला. वर कर तो दांडा."

खट्ट झालं.

"आता हात सोड."

"आई, अगं..."

"सोड म्हणते ना."

त्याने एकेक बोट उचललं. खुर्ची तसूभर हलली नाही. मावशींनी कमरेचा पट्टा चाचपला, बटण चालू केलं आणि हाताशी असलेली खुर्ची चालवायची छोटी दांडी पुढे सरकवली. चढ संपता संपता खुर्चीचं तोंड जरा उचललं गेलं. मुलगा धावला, पण त्याआधीच मागची दोन छोटी चाकं जमिनीला टेकली आणि त्यांनी खुर्ची उलटू दिली नाही. मावशी वर पोचल्या. समोर कोणीही नसताना त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मुलगा कपाळ पुसत आला आणि किल्ली काढून कुलपाकडे वळला.

"उघडू नकोस," मावशींनी हात पुढे केला. "इकडे दे."

त्याने आधी आईकडे पाहिलं, मग चढाकडे. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान सकाळीच उघडलं.