आत्याच्या पाठीतला धपाटा

परवा कर्जतला माझ्या पणतूचं बारसं झालं. हॉल, फुगे, डीजे... सगळं साग्रसंगीत. आत्याने, म्हणजे माझ्या नातीने, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि बायकांनी तिच्या पाठीला फोटोपुरते हात लावले.

मला राहवलं नाही. काठी टेकत गेले आणि तिच्या पाठीत असा धपाटा घातला की डीजेवालाही वळून बघायला लागला. मग मीच रडायला लागले... सगळे म्हणाले, म्हातारीचं वय झालं. वय झालंच आहे, पण रडण्याचं कारण वेगळं होतं.

रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा मी सात वर्षांची होते. माझे वडील तिथे लाकडाच्या गिरणीत कामाला. त्यांनी आईला आणि मला कसंबसं बोटीत बसवलं. जागा फक्त बायका-मुलांना होती, ते मागे राहिले.

आम्ही खोपोलीजवळच्या आमच्या गावी आलो, थोरल्या काकांकडे. रंगूनला आई आपल्या दोन खोल्यांची मालकीण होती, इथे जावेच्या हाताखाली भात लावायला चिखलात उतरली. माझा फ्रॉक आणि माझं हिंदुस्तानी मिसळलेलं बोलणं, दोन्हींवरून पोरं चिडवायची. बाबा आले की सगळं ठीक होईल, एवढंच आई म्हणायची.

बाबा आले नाहीत. ब्रह्मदेशातून जंगलवाटेने चालत आलेला एक ओळखीचा माणूस काकांना खोपोलीत भेटला. तुमच्या भावाला, यशवंताला वाटेत पटकी झाली, त्याला झाडाखाली टाकून पुढे यावं लागलं, असं त्याने सांगितलं...

काकांनी पाऊस सरेपर्यंत वाट पाहिली. पितृपक्षात भाऊ उपाशी राहू नये म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले. आईचं कुंकू पुसलं गेलं, बांगड्या फुटल्या. काका वाईट नव्हते हो, भावावर त्यांचा फार जीव होता.

भातकापणी संपत आली होती. दुपारी अंगणात एक हाडांचा सापळा येऊन उभा राहिला. कोण पाहिजे, मी विचारलं. त्याने मला "बबे" अशी हाक मारली... तशी हाक मला एकच माणूस मारायचा.

माझ्या किंकाळीने काका बाहेर आले. बघत राहिले आणि मग त्यांनी उंबऱ्यावर हात आडवा केला. "थांब रं, आत पाय टाकू नको! तुझं दिवस घातलं रं आमी..." म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

दिवस घातलेला माणूस तसाच घरात घ्यायचा नाही, अशी समजूत. खालापूरच्या भटजींनी उपाय सांगितला. त्याला नव्याने जन्माला घाला, बारसं करा, मग बायकोने कुंकू लावावं. तोवर बाबा अंगणातल्या मांडवात पेंढ्यावर. एवढं रान तुडवून आलेला माणूस, आणि स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखा! मला तेव्हा सगळ्यांचा राग आला होता, आजही येतो.

आणि आई... ती बाहेरच आली नाही. भाकरी माझ्या हाती पाठवायची आणि दाराआडून बाबांचा खोकला ऐकत बसायची. अंगात ताप होता त्यांच्या, जगतील की नाही कुणालाच खात्री नव्हती. काकूंनी कुंकवाचा करंडा पुढे केला तर आई म्हणाली, "एकदा पुसलं तेवढं पुरं. परत पुसायची ताकद नाय माझ्यात."

बाबांनी ते ऐकलं असणार. त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला नाही.

बारशाला शेलू गावी दिलेली आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. बाबांना न्हाऊ घालून पाटावर बसवलं, डोक्याला बाळाच्या कुंचीसारखं धडपं बांधलं. कुणाला हसू आलं नाही. नाव नवं ठेवा असं चारजण म्हणत होते, आत्याने ऐकलं नाही. वाकून कानात कुर्रर्र केलं आणि आळीभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "यशवंत!"

आता तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण हात कुणाचा उचलेना... सगळे सुतक असल्यासारखे उभे. आत्या तशीच वाकलेली.

दार करकरलं. आई बाहेर आली, उघड्या कपाळाने. सरळ आत्याच्या मागे गेली आणि तिच्या पाठीत दणकन धपाटा घातला. मग दुसरा, मग तिसरा... रडत होती आणि घालत होती. आत्या कळवळली, "अगं हळू गं वैनी, जीव घेतेस का काय!"

आणि बाबा हसले. परत आल्यापासून पहिल्यांदा.

आईने तिथेच आत्यापुढे कपाळ केलं. "लाव," म्हणाली.

बाबांचा खोकला कधीच गेला नाही, पण ते खूप जगले. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तेच बसलेले होते.

तर पोरी, पाठ दुखली असेल तर माफ कर. तो धपाटा तुझ्या पणजीचा होता... इतकी वर्षं माझ्याकडे राहून गेला होता.