साडूभाऊंची निळी फुलं

अमरावतीत राहून अकोल्याच्या फुलांवर जळणारा माणूस मी एकटाच असेन.

अकोल्याचे माझे साडू विनायकराव दर हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर एकच फोटो पाठवायचे. उन्हातल्या वाफ्यात कमरेएवढं विलायती झाड, वर निळीच निळी फुलं! खाली बायको (म्हणजे माझी!) लिहायची, 'वा भाऊजी!' माझा जळफळाट व्हायचा. माझ्या गुलाबाला तिनं कधी 'बरा आहे'च्या वर जाऊ दिलं नव्हतं.

शेवटी लाज गिळून साडूंकडूनच बी आणलं आणि गणपती उठल्यावर कुंपणाच्या भिंतीलगत, भर उन्हात पेरलं. रोपं जोमात आली. पण संक्रांत आली तरी नुसती पानं! जमिनीला चिकटलेली, खरबरीत.

साडूंचा फोन आला. "काय साडूभाऊ, फुललं का?"

"फुललं म्हंजे? तुमच्याहून गर्द!" (जीभ माझीच, तिला काय बोलणार!)

"मंग रविवारी येतोच पाह्याले!"

रविवारी सकाळी मी शेजारच्या वेलावरची गोकर्णाची फुलं तोडली आणि हिरव्या दोऱ्यानं पानांना बांधत बसलो.

"अवो, हे काय करून राहिले तुमी?"

"इज्जत वाचवून राहिलो!"

साडू आले, चष्मा लावून वाकले. "साडूभाऊ, हे झाड पह्यल्या वर्षी फुलतच नाही. पह्यल्या साली पानं, दुसऱ्या साली फुलं. तुमाले सांगाचं राह्यलंच!" असं म्हणून त्यांनी एक फूल उचललं. सोबत दोरा आला. बायको इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

मग मीही इरेला पेटलो. मे महिन्यात कूलरचं तोंड वाफ्याकडे वळवलं. घरात सगळे घामाघूम, बाहेर रोपं गारेगार!

"मी मेली तरी चालते, पन झाड जगलं पायजे!" बायको पदरानं वारा घेत म्हणाली.

आणि यंदा हिवाळ्यात ते फुललं! खरंखुरं, साडूंच्या झाडाहून गर्द. फोटो पाठवला, तर साडूंचं उत्तर, 'यंदा दोरा दिसत नाही. हात बसला तुमचा!'

मी संतापून त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी एकामागून एक दहा फुलं ओढून पाहिली. फुलं तुटली, दोरा काही निघेना.

"मानलं बापा! खरे हायेत!"

मी शर्टाची कॉलर सरळ करून बायकोकडे पाहिलं. ती हरखून झाडाकडे बघत होती. आता 'वा' येणार! आलाच.

"वा भाऊजी! बी मातर अस्सल देलं तुमी!"

दोन हिवाळे आणि एक उन्हाळा राबलेला हा माळी भाऊजींसाठी चहा ठेवायला आत गेला.